मीटिंग कुठे भरते?

‘‘ताई, दारू सोडलेल्या माणसांची मीटिंग असते म्हणे. ती कुठे भरते हो?’’

दुपारची दीडची वेळ. जेवणं उरकून मी ओटा पुसत होते. दारात उभी असलेली बाई माझ्या चांगल्या ओळखीची. आमच्या बचत गटात सहा वर्षं आहे. हप्ता कधी चुकवत नाही, बैठकीत सतरंजी घालायला पहिली आणि बोलायला शेवटची. नवरा पगारदार, घर स्वतःचं, दारात स्कूटर, मुलगी बारावीला. बाहेरून बघणाऱ्याने म्हणावं, यांना काय कमी आहे? तिच्या घरी ‘ते’ चालतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्हाला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. पण सहा वर्षांत तिने तोंडातून शब्द काढला नव्हता आणि आम्हीही विचारलं नव्हतं. छोट्या गावात यालाच आपण चांगुलपणा म्हणतो.

(तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

झालं होतं असं. घटस्थापनेला सासूबाईंनी मुलाला देवीपुढे उभं करून शपथ घ्यायला लावली. त्यानेही घेतली, अगदी मनापासून घेतली. रोज पिणारा माणूस, त्या दिवसापासून थेंब नाही. तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, रात्री भिंतीवर किडे दिसायला लागले. घरात सगळ्यांना वाटलं, देवीचा कोप झाला. कोप कसला? वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की दोन-चार दिवसांत असं होऊ शकतं. फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. आपण बायका शपथा घालताना हे कधी कुणी सांगितलेलं नसतं. नशिबाने त्यांनी जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, ‘आता यांना मीटिंगला पाठवत जा,’ आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कुठली मीटिंग, कुठे, किती वाजता, काही नाही. हिला वाटलं, आपल्यालाच माहीत नसेल, जगाला माहीत असेल. म्हणून माझ्याकडे आली. मोर्चे काढणारी, तहसीलदाराशी भांडणारी बाई. हिला तर नक्कीच माहीत असणार!

मैत्रिणींनो, मला माहीत नव्हतं.

आडव्या बाटलीच्या मतदानासाठी मी शेजारच्या गावात दारोदार फिरलेली आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद होतं, हे मी शेकडो बायकांना चित्र काढून समजावलं आहे. दुकान कुणाचं, मागच्या दाराने रात्री किती वाजेपर्यंत मिळते, धाब्यावर कोण बसतं, सगळं मला पाठ. पण ज्याला सोडायची आहे त्याने जायचं कुठे, हे पंधरा वर्षांत मला विचारावंसंच वाटलं नव्हतं. पिणारा माणूस म्हणजे आमच्या घोषणेतला शत्रू. शत्रूला कुठे पाठवायचं याची काळजी कोण करतं?

मग शोध सुरू झाला. आरोग्य केंद्रात विचारलं, तर ‘लसीकरणाची मीटिंग का?’ असं उत्तर आलं. पोलीस चौकीत विचारलं, तर तिथला एक जण हसून म्हणाला, ‘‘सोडणाऱ्यांची? पिणाऱ्यांची हवी असेल तर रोज भरते, पत्ता देतो.’’ औषधाच्या दुकानात गेले. दुकानदाराने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘‘कशाला मीटिंगच्या नादी लागता वहिनी? गोळी देतो. भाजीत, वरणात कशातही मिसळा. त्यांना कळणारसुद्धा नाही.’’

इथे जरा थांबते, कारण ही ‘न सांगता दारू सोडवा’वाली गोळी-पुडी घरोघरी पोचलेली आहे. भिंतीवर, एस.टी.त, पेपरातल्या बारक्या जाहिरातींत सगळीकडे. पुडीत काय असतं ते पुडी विकणाऱ्यालाही माहीत नसतं. गोळी असते ती बहुतेकदा डायसल्फिरामची. औषध खोटं नाही. डॉक्टरही देतात, पण माणसाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीने. कारण ती गोळी पोटात असताना वर दारू पडली की चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब एकदम खाली येतो. हृदयाचा त्रास असलेला माणूस त्यात दगावू शकतो. ज्याला सांगितलंच नाही तो पिणारच. म्हणजे आपण प्रेमापोटी आपल्याच हाताने काय कालवतोय, विचार करा. माझ्या बाईने ती गोळी दोन वर्षांपूर्वी आणून महिनाभर दिली होती. हे तिने मला सगळ्यात शेवटी सांगितलं, मान खाली घालून. तिचं काय चुकलं म्हणायचं? दुसरी कुठली वाट तिला कुणी दाखवली होती?

शेवटी पत्ता मिळाला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी. एका ओळखीच्या माणसाने, ज्याला मी जन्माचा निर्व्यसनी समजत होते, तो विचारपूस ऐकून संध्याकाळी घरी आला आणि चप्पल न काढता दारातच म्हणाला, ‘‘मी जातो तिकडे. अकरा वर्षं झाली.’’ तो कोण, ते विचारू नका. मी सांगणार नाही, आणि का नाही, तेही आता सांगते.

या मीटिंगा भरवणाऱ्या संघटनेचं नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, थोडक्यात ए.ए. ॲनॉनिमस म्हणजे निनावी. इथे नाव-गाव-जात-हुद्दा विचारत नाहीत. सभासद व्हायला फॉर्म नाही, फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट. खोलीत कोण दिसलं आणि कोण काय बोललं, ते खोलीतच ठेवायचं. त्यांच्या बारा परंपरा आहेत, त्यांत एक अशी की, जाहिरातबाजी करून माणसं गोळा करायची नाहीत आणि वर्तमानपत्रात कुणाही सभासदाचं नाव-फोटो येऊ द्यायचा नाही. हे सगळं बरोबरच आहे. छोट्या गावात लाज राखली गेली तरच माणूस पाऊल टाकेल. पण याचा एक उलटा परिणाम असा की, दारूच्या दुकानावर दिव्यांची पाटी झगमगते आणि दारू सोडायच्या जागेवर पाटीच नसते! शोधणाऱ्याला ती सापडते कुणीतरी कानात सांगितली तरच. आणि आपण तर असे, की या विषयावर एकमेकींच्या कानातसुद्धा बोलत नाही.

मंगळवारी साडेपाचच्या एस.टी.ने आम्ही दोघी निघालो. नवरा आला नाही. ‘मी काय दारुडा आहे?’ असं म्हणून टी.व्ही. लावून बसला. मी म्हटलं, चल, आपण तरी बघून येऊ. त्या माणसाने सांगितलं होतं, की काही मीटिंगा ‘बंद’ असतात, तिथे फक्त पिण्याची सवय असलेलेच बसतात, आणि काही ‘खुल्या’, तिथे घरच्यांना आणि कुणालाही बसता येतं. आमचा मंगळवार खुला होता. जागा म्हणजे नगरपालिकेची शाळा. फाटकाशी जाऊन दोनदा पुढे निघून गेलो, कारण विचारायचं काय? वॉचमनच शहाणा. आमची चुळबुळ बघून त्याने नुसता हात केला, ‘‘जिना चढून डावीकडं, तिसरीचा वर्ग.’’

तिसरीच्या वर्गात तिसरीच्याच बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन मोठी माणसं बसलेली. फळ्यावर अपूर्णांकांची गणितं तशीच राहिली होती. पंधरा-सोळा पुरुष, दोन बायका. एक पांढऱ्या लेंग्यातला, एक टाय लावलेला, एक कॉलेजात शोभेल असा पोरगा. मला वाटलं होतं भाषण असेल, कुणीतरी डॉक्टर किंवा महाराज समोर बसून उपदेश करेल. तसलं काही नाही. एकेक जण उठतो, नुसतं पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो, आपलीच गोष्ट सांगतो आणि बसतो. कुणी कुणाला सल्ला देत नाही, मध्ये बोलत नाही, ‘अरेरे’ म्हणत नाही. काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की दीड तासात त्या खोलीत मी रडणं ऐकलं त्याच्या चौपट हसणं ऐकलं.

मग एक कापडी पिशवी फिरली. चहाचा आणि खोलीच्या भाड्याचा खर्च यातून. कुणी दहा टाकले, कुणी वीस, कुणी काहीच नाही. मला भरून आलं होतं, मी पाचशेची नोट काढली. शेजारच्या गृहस्थाने ती अलगद माझ्या हातात परत ठेवली. बाहेरच्यांचे पैसे घेत नाहीत म्हणाले. देणगी नाही, सरकारी अनुदान नाही, पुढाऱ्याचा सत्कार-बित्कार नाही. मी इतकी वर्षं संस्थांच्या कामात आहे, मैत्रिणींनो. पाचशे रुपये परत करणारी संस्था मी पहिल्यांदाच बघितली.

आणि माझी बाई? ती तिथे नव्हतीच. शेजारच्या वर्गात घरच्या माणसांची बैठक होती, तिला अल-ॲनॉन म्हणतात. तिला त्या दोन बायकांपैकी एक तिकडे घेऊन गेली होती. परतीच्या गाडीत ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग एकदम हसायला लागली. म्हणाली, ‘‘ताई, बाटलीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवायची, किती उतरली ते कळावं म्हणून, हे मला वाटायचं मी एकटीच करते. तिथं पाचजणी निघाल्या! एक तर म्हणाली, तिचा नवरा पाणी घालून रेघ पुरी करायचा.’’ सहा वर्षांत मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘त्या म्हणाल्या, तुझ्यामुळे तो पीत नाही. तुझ्यामुळे तो सोडणारही नाही.’’ पहिल्या वाक्याने तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं आणि दुसऱ्याने ती घाबरली. मला विचाराल तर दुसरं वाक्यही ओझं उतरवणारंच आहे, पण ते कळायला वेळ लागतो.

ही अल-ॲनॉन १९५१ साली अमेरिकेत बायकांनीच सुरू केली. पण तिची मुळं आणखी मागे आहेत, आणि ती गोष्ट मला सांगायलाच हवी, कारण तिच्यात आपल्यासाठी काहीतरी आहे. १९३५ चा मे महिना. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस, दारू सोडून पाच महिने झालेले, धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावात आलेला. काम फसलं. हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा उभा, एका बाजूला बार, आतून हसण्याचे आवाज येताहेत. त्याच्या मनात आलं, आत्ता मला माझ्यासारखाच एखादा पिणारा भेटला, त्याच्याशी बोलता आलं, तर मी वाचेन. तिथे चर्चच्या धर्मगुरूंची यादी लावलेली होती. तिच्यावरून त्याने फोन लावायला सुरुवात केली. एकामागून एक फोन करत शेवटी तो पोचला हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईपर्यंत. या बाई स्वतः पीत नव्हत्या. पण गावातले एक सर्जन, डॉ. रॉबर्ट स्मिथ, पिण्यापायी धुळीला मिळत चालले होते आणि त्यांच्या बायकोशी हिची मैत्री होती. हिने दोघांना आपल्या घरी बोलावलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटांवर एक मिनिट थांबणार नाही. बसले ते रात्री उशिरापर्यंत. डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतला तो त्याच वर्षी १० जूनला, आणि ए.ए.चा जन्म त्याच दिवसापासून धरतात.

म्हणजे बघा, पहिल्या मीटिंगचाही पत्ता कुणाला माहीत नव्हता. तीही फोन करकरून शोधावी लागली. आणि खोली दिली एका बाईने, जिच्या स्वतःच्या घरात हा प्रश्न नव्हता. पुढे गट वाढले, पुरुष आत बोलत बसायचे आणि बायका स्वयंपाकघरात कॉफी करत किंवा बाहेर गाडीत वाट बघत बसायच्या. त्या वाट बघणाऱ्या बायका एकमेकींशी बोलायला लागल्या, त्यातूनच बिलची बायको लोइस आणि तिच्या मैत्रिणीने अल-ॲनॉन उभी केली. स्वयंपाकघरात सुरू झालेलं काम आपल्याला परकं का वाटावं?

तशी आपल्याकडेही ही युक्ती जुनीच आहे म्हणा. माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसं प्रत्येक गावात आहेत. माझे एक चुलत सासरेच आहेत. पण नीट बघितलं तर नुसत्या माळेने सुटत नाही. ज्याच्या मागे भजनी मंडळ आहे, एकादशीला हाक मारायला येणारे चार वारकरी आहेत, त्याची माळ टिकते. ज्याने रागाच्या भरात एकट्याने घातली, त्याची आषाढीपर्यंतही टिकत नाही. देवीची शपथ एकदा घ्यायची असते, सोबत दर आठवड्याला लागते. ए.ए.मध्येही देवाचं नाव येतं, पण ज्याला जसा उमजेल तसा देव, असं ते म्हणतात. त्या तिसरीच्या वर्गात विठ्ठलाचा माणूस होता, नमाज पढणारा होता आणि देव न मानणाराही होता.

‘नुसतं बोलून काय होतं?’ हा प्रश्न मलाही पडला होता. २०२० साली कोक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ए.ए.शी माणसाला जोडून देणारे उपचार ज्यांना मिळाले, त्यांच्यात पूर्णपणे दारूमुक्त राहिलेल्यांचं प्रमाण इतर उपचार घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळलं. याचा अर्थ डॉक्टर नकोत असा मुळीच नाही. आधी दवाखाना, मग मीटिंग, आणि गरज असेल तर दोन्ही बरोबर. आपल्याकडे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी त्याला आर्थिक बळ दिलं. तिथेही पहिल्यापासून एक गोष्ट ओळखली गेली, की उपचार एकट्या पेशंटवर करून भागत नाही. बायकांसाठी त्यांचा ‘सहचरी’ गट आहे. पिण्यात अडकलेल्या स्त्रियांसाठी २००९ मध्ये वेगळा ‘निशिगंध’ विभाग निघाला. हो, स्त्रियाही. त्या तर आपल्या डोळ्यांपुढे असून दिसत नाहीत. पुरुषाची दारू गाव बघतं, बाईची दारू घर लपवतं.

केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यातला एक आकडा माझ्या मनातून जात नाही. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांमागे फक्त एकाला कसली ना कसली मदत मिळालेली होती. अडतीसांत एक! म्हणजे आमच्या एस.टी.त बसतील तेवढ्या माणसांत एक. बाकीच्या सदतीस जणांच्या बायका काय करत असतील? रेघा मारत असतील, पुड्या कालवत असतील, शपथा घालत असतील.

आता आमच्या गावाची गोष्ट. दर मंगळवारी इथून जिल्ह्याच्या गावी मीटिंगला जाणारे तिघे आहेत, हे मला नंतर कळलं. येताना शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर रात्र काढतात, पण जातात. त्यांना गावातच एक गट सुरू करायचा आहे. एका संध्याकाळी दीड तासासाठी एक खोली हवी, बस. भाडं ते देणार, फुकट नको म्हणतात. मी म्हटलं, यात काय अवघड आहे? मी आणते मिळवून.

एका शाळेच्या समितीकडे गेले. ‘दारुडे शाळेत येणार? पालक काय म्हणतील?’ एका देवळाच्या ट्रस्टकडे गेले. ‘ताई, कल्पना चांगली आहे, पण इथे नको.’ त्याच देवळाच्या मागच्या पारावर रोज रात्री बाटल्या सापडतात, त्या पुजाऱ्याची बायको सकाळी गोळा करते. त्यावर मात्र समितीची कधी बैठक झालेली नाही. शेवटी आमच्या बचत गटाची खोली. ती तर आपलीच! विषय मांडला. अर्ध्याजणी गप्प. एकजण म्हणाली, ‘‘आपण दारूच्या विरोधात मोर्चा काढला आणि आता त्यांनाच खोली द्यायची?’’ दुसरी म्हणाली, ‘‘आपल्या पोरीबाळी तिथं शिवणक्लासला येतात.’’ मला राग आला, पण बोलू शकले नाही, कारण वर्षभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

अगं बायांनो, पिऊन आलेला माणूस आपल्या घरात झोपतो, आपल्याच पोरीबाळींसमोर जेवायला बसतो. तो आपल्याला चालवून घ्यावा लागतो. आणि न पिता, आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, आज प्यायचं नाही एवढं ठरवून जो माणूस संध्याकाळी एका खोलीत बसायला जागा मागतो, तो आपल्याला चालत नाही? आपला विरोध दारूला आहे की माणसाला, हे एकदा ठरवायला नको का? दुकान बंद पाडायला मी उद्याही पुढे असेन. आमच्या तालुक्यातलं एक दुकान आडव्या बाटलीने बंद झालं, तेव्हा मी गुलालात न्हाले होते. पुढच्या आठवड्यापासून माणसं चार किलोमीटर चालत शेजारच्या हद्दीत जायला लागली. चार किलोमीटर पिण्यासाठी चालणाऱ्याला सोडण्यासाठी पन्नास किलोमीटर जायला लावायचं, असा आपला हिशेब आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते, कारण नाहीतर मीटिंग म्हणजे सगळ्यावरचं औषध असा गैरसमज होईल. घरात मारहाण होत असेल तर ‘तो मीटिंगला जाईल, मग सुधारेल’ म्हणून मार खात बसू नका. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी आहे, त्याचं दार आधी ठोठवा. दारू हा आजार असेल, हात उचलणं हा आजार नाही.

आणि ज्यांना आजच पत्ता हवा आहे त्यांच्यासाठी. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात विचारा, मीटिंगची माहिती तिथे बहुतेक मिळते. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हाही मोफतच. मुंबई-गोव्याकडे असाल तर चर्चच्या आवारातल्या खोल्यांत चौकशी करा, तिथे बरेच गट भरतात. २०२० च्या लॉकडाऊनपासून मोबाइलवरही मीटिंगा व्हायला लागल्या आणि त्या चालू राहिल्या आहेत. दूरच्या गावातल्या बाईला अल-ॲनॉन गाठायची ही मोठीच सोय. आमची बाई मंगळवारी गाडी चुकली तर गच्चीवर वाळवणाच्या निमित्ताने जाते आणि कानात वायर घालून ऐकते. आपण बोलायचं नसेल तर नुसतं ऐकलं तरी चालतं.

तिच्या नवऱ्याचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. पाचव्या मंगळवारी तो स्वतःहून एस.टी.त येऊन बसला, आमच्यापासून चार सीट लांब. तीन महिने गेला. एकदा मेव्हण्याच्या घरी घेतली. मग महिनाभर कुणाला तोंड दाखवलं नाही. मला वाटलं, संपलं. पण तिसरीच्या वर्गातला तो टायवाला माणूस एका रविवारी त्याच्या घरी आला, चहा प्यायला, क्रिकेटवर बोलला आणि जाताना म्हणाला, मंगळवारी जागा धरून ठेवतो. पुन्हा जायला लागलाय. आज किती दिवस झाले ते मी मोजत नाही. तीही मोजत नाही म्हणते, पण बाटलीवरच्या रेघा मारायची ती पेन्सिल तिने मुलीच्या कंपासपेटीत टाकली आहे.

येत्या शनिवारी गटाच्या बैठकीत खोलीचा विषय मी पुन्हा ठेवला आहे. काल ती आली होती. म्हणाली, ‘‘ताई, या वेळी मी बोलू का?’’ मी म्हटलं, गरज नाही, तुझं नाव कशाला? ती म्हणाली, ‘‘नाव सगळ्यांना माहीतच आहे की.’’ मग बराच वेळ काही बोलली नाही. उठताना सतरंजीचा विषय काढला. जुनी फाटली आहे, पंधरावीस माणसं बसायची तर मोठी लागेल, म्हणाली.